मदत हवी आहे: मधल्या ओट्यासाठी परवडणारी चिमणी

पुण्यातला फ्लॅट, स्वयंपाकघर हॉललाच उघडं. हॉब (ओट्यात बसवलेली गॅस शेगडी) मधल्या आयलंड ओट्यावर, त्यामुळे भिंतीवरची चिमणी बाद. खिडकीत एक्झॉस्ट लावून पाहिला. तरी मिरचीची फोडणी पडली की सोफ्यावरचे ठसकतात, आणि हॉलच्या पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसलाय.

बजेट २५ हजार, बसवणीसकट. स्लॅब साडेनऊ फुटांवर, फॉल्स सीलिंग नाही. बाहेरच्या भिंतीपर्यंत १२ फूट पाइप, दोन वळणं. दुकानदार म्हणतो, पाइपची कटकट नको, चारकोल फिल्टरवाली घ्या. पण ती हवा गाळून घरातच सोडणार, वाफ तशीच! आमच्याकडे तळण रोजचं.

९० सेंमीची, १२०० सक्शनची (ताशी १२०० घनमीटर हवा ओढणारी) आयलंड चिमणी सहा इंची पाइपातून एवढ्या लांब धूर नीट ओढते का? वापरणाऱ्यांचा अनुभव काय?