मेडिकलवरची गोरेपणाची ट्यूब: पोरांना विकायला काही अट आहे का?

लातूरकर_पालक
क्लासेसच्या हॉस्टेलांत अकरावी-बारावीची पोरंपोरी गोरं व्हायला मेडिकलवरून ट्यूब आणतात अन् रोज तोंडाला चोपडतात. बंद केली की चेहरा लाल होऊन आग होते, परत लावली की शांत. परदेशात टॅनिंग बेडला (कातडी सावळी करायचं अतिनील दिव्यांचं यंत्र) बऱ्याच ठिकाणी 18 वर्षांखाली बंदी आहे. इथं असं काही?

औषधनिर्माता_नांदेड
वयाची अट नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीची आहे. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा: मोमेटासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी दिसलं तरी ते स्टिरॉइड. नेहमीचा मेळ म्हणजे हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025, मोमेटासोन 0.1. हे वांगावरचं औषध, तेही ठरावीक आठवडेच लावायचं. औषध नियमांतल्या 2018 च्या दुरुस्तीनं स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच या यादीत आली, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कडकच आहे, काउंटरवर कोण पाळतो ते सोडा.
बिनलेबलची डबी तर हातातही धरू नका. त्यात पारा निघतो, अन् तो मूत्रपिंडाला बाधतो.

त्वचा_ओपीडी
स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळून धरतं म्हणून चेहरा उजळ दिसतो. सुटलं की त्याच वाहिन्या एकदम फुगतात, ती ही आग. पुढं कातडी पातळ, लाल रेषा, पुरळ, गालावर लव. गजकर्णावर लावलं तर खाज दबते अन् चट्टा पसरत जातो.
बरेच महिने लावली असेल तर मनानं बंद करू नका. कुणाची एकदम थांबवतात, कुणाला आधी सौम्य स्टिरॉइडवर आणतात. लाली आठवडे, कधी महिने राहते. नेमकी याच काळात पोरं पुन्हा ट्यूब उचलतात. बिनवासाचं मॉइश्चरायझर दोनदा, एसपीएफ 30 चं सनस्क्रीन दोन बोटांवर लांबीभर दोन रेघा, उन्हात दर दोन तासांनी. ब्लीच, फेशियल, वाफ, लिंबू बंद. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात, नाहीतर अंबाजोगाईच्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालयात दाखवता येईल.

लातूरकर_पालक
तक्रारीला वापरलेली ट्यूब चालेल का?

औषधनिर्माता_नांदेड
उघड्या ट्यूबला नमुना म्हणून वजन नाही. सीलबंद नमुना औषध निरीक्षक घेतो. तुम्ही खोकं, बॅच नंबर अन् बिल जपा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी द्या, टोल-फ्री 1800222365. नुसती शंका असेल तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 खाली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. चिठ्ठीविना विक्रीला मात्र तपासणी लागतच नाही: शेड्यूल एचच्या बिलावर डॉक्टरचं नाव लागतं, ते नसलं की दुकानदारानं उत्तर द्यायचं.