व्हीपीएन आणि फायरवॉल आहे, झीरो ट्रस्टची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न:
८० विंडोज लॅपटॉप, ऑफिसात एक फाइल सर्व्हर आणि एक अकाउंट्सचा सर्व्हर, मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. बाहेरून काम करणारे लोक व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) येतात आणि एकदा आत आलं की सगळ्यांना सगळं दिसतं. वरून आदेश आलाय, 'झीरो ट्रस्ट करा'. विक्रेते एकेक बॉक्स (सुरक्षेचं उपकरण) दाखवतायत. बजेट बेताचं आहे. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १:
बॉक्स आत्ता घेऊ नका. निस्ट या अमेरिकी सरकारी मानक संस्थेचा झीरो ट्रस्टवरचा ८००-२०७ हा दस्तऐवज (ऑगस्ट २०२०) फुकट मिळतो, तो वाचा. त्यातला गाभा असा: ऑफिसच्या नेटवर्कवर आहे एवढ्यावरून कुणालाही आत घ्यायचं नाही. प्रत्येक रिसोर्सची (फाइल, ॲप, सर्व्हर) परवानगी सेशनपुरती आणि कामापुरती द्यायची, देताना माणूस आणि त्याचं मशीन दोन्ही तपासायचं. घुसखोर आधीच आत आहे असं धरूनच आखणी करायची.

पहिलं काम लॉगिनचं. ॲडमिन खात्यांना फिडो२ की (लॉगिनसाठी जोडायची छोटी हार्डवेअर किल्ली) द्या, प्रत्येकी दोन. ओटीपी नकली पानावरही टाइप होतो. की मात्र खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने तिथे चालतच नाही. मग बाकीच्यांना एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा). मेल वाचायच्या आयमॅप, पॉपचं नुसत्या पासवर्डचं जुनं लॉगिन मायक्रोसॉफ्टने ३६५ वर आधीच बंद केलंय. मेल पाठवायच्या एसएमटीपीचं तसं लॉगिन चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर चोरलेला पासवर्ड तिथे एमएफएला वळसा घालून चालेल. मेल पाठवणारा स्कॅनर हमखास इथेच बंद पडतो, त्याची सोय आधी करा.

प्रतिसाद २:
'आत आलं की सगळं दिसतं' हेच मोठं दुखणं आहे. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर याच वाटेने पसरतं. लॅपटॉपवर येणारे ४४५ (फाइल शेअरिंग), ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) आणि ५९८५ (दुरून विंडोज चालवणं) हे पोर्ट ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एका जागेवरून सेटिंग लावायची विंडोजची सोय) बंद करा, फक्त ॲडमिनच्या मशीनला मोकळे ठेवा. विंडोज फायरवॉल पुरते, खर्च शून्य.

सर्व्हरवर मात्र घाई नको. आधी महिनाभर नुसता लॉग घ्या. महिनाअखेर आणि जीएसटीचे दिवस त्यात आलेच पाहिजेत. काही कनेक्शन फक्त तेव्हाच दिसतात. फायरवॉल लॉगची मर्यादा मुळात ४०९६ केबी असते आणि यशस्वी कनेक्शन त्यात नोंदवली जात नाहीत. मर्यादा ३२७६७ केबी करा, ती नोंद चालू करा आणि फाइल रोज उचलून ठेवा.

प्रश्नकर्ता:
व्हीपीएन लगेच काढू का? आणि पॉलिसी चुकली तर आम्हीच बाहेर राहू, त्याचं काय?

प्रतिसाद १:
व्हीपीएन राहू द्या. ब्राउझरवर चालणारं एखादं ॲप आधी आयडेंटिटी तपासणाऱ्या प्रॉक्सीमागे (ओळख पटल्यावरच ॲपपर्यंत पोचू देणारा मधला सर्व्हर) न्या, मग पुढचं. अकाउंट्सचं सॉफ्टवेअर शेवटी.

कंडिशनल ॲक्सेस (कुणाला, कोणत्या अटीवर लॉगिन द्यायचं ते ठरवणाऱ्या पॉलिसी) मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये येतो. प्रत्येक पॉलिसी आधी 'रिपोर्ट ओन्ली'मध्ये (अडवत नाही, फक्त नोंद ठेवते) चालवा. दोन आपत्कालीन ॲडमिन खाती या पॉलिसींतून वगळा, त्यांच्या फिडो की तिजोरीत ठेवा आणि त्या खात्यांनी लॉगिन झालं की लगेच अलर्ट यायला हवा.

प्रतिसाद ३:
सर्व्हिस अकाउंट (माणूस नव्हे, सॉफ्टवेअर वापरतं ती खाती) राहिली. बॅकअपचं खातं बऱ्याच ठिकाणी डोमेन ॲडमिन (ऑफिसच्या सगळ्या विंडोज मशीनवर पूर्ण हक्क) असतं, पासवर्ड वर्षानुवर्षं तोच, आणि एमएफए लावता येत नाही. सॉफ्टवेअरला चालत असेल तर जीएमएसए (विंडोज स्वतः पासवर्ड सांभाळतं असं सर्व्हिस अकाउंट) वापरा, पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. नसेल तर हक्क कापा आणि त्या खात्याने स्क्रीनवर लॉगिन करणं बंद करा. बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेरच ठेवा.

आणि कुणी नोकरी सोडली की खातं बंद करून थांबू नका, सेशनही रद्द करा. आधी दिलेलं टोकन (लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास) साधारण तासभर चालू राहू शकतं.