मदत हवी आहे: ठाणे, उपवन-येऊर भागात कुत्री हरवलीये. शोधायला माणसं भरपूर आहेत पण नुसता घोळ होतोय

सुंठीची_आई

नमस्कार मंडळी, घाईत मोबाइलवरून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठच्या सुमाराला आमची सुंठी पळाली. शेजारच्या काकू फराळाचं ताट द्यायला आल्या म्हणून दार उघडं होतं, तेवढ्यात खाली कुणीतरी मोठी माळ लावली आणि ही काकूंच्या पायांतून निघून चार मजले उतरून गेटच्या बाहेर. गळ्यात पट्टा नाही. का नाही, तर नवीन आणलाय तो पाडव्याला घालू म्हणून मीच दुपारी जुना काढून ठेवलेला. मला काय बोलायचं ते बोला, स्वतःला मी त्याहून जास्त बोलून झालंय.

वर्णन: देशी, मादी, चार वर्षांची, तांबूस तपकिरी, तोंडाशी काळसर, शेपटी वर वळलेली, वजन 14 किलो. डाव्या कानाला नसबंदीचा कट आहे, आमच्याकडे यायच्या आधीच झालेला. म्हंजे थोडक्यात ठाण्यातली निम्मी कुत्री दिसतात तशी दिसते. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आम्ही त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आज भाऊबीज, ग्रुपमध्ये 187 लोक आहेत. सगळी चांगली माणसं आहेत हो, दिवाळी सोडून फिरतायत, पण दोन दिवसात मला जवळजवळ शंभर फोटो आलेत तपकिरी कुत्र्यांचे, त्यात तीन बोके आणि एक बकरी. कुणी म्हणतं वर्तकनगरला दिसली, कुणी म्हणतं शिवाईनगर, त्याच मिनिटाला कुणीतरी मानपाड्याला, आणि प्रत्येक वेळी वीस जण बाइक काढून तिकडे पळतात. पहिल्या रात्री अकरा वाजता ती खरंच दिसली होती, उपवन तलावाच्या कठड्यापाशी, व्हिडिओ आहे, शंभर टक्के तीच. सहा-सात मुलं बाइकच्या लाइट मारत 'सुंठीऽ सुंठीऽ' करत धावली, मीसुद्धा धावले, आणि ती येऊरच्या रस्त्याकडे जी सुटली ती दिसेनाशीच झाली. माझ्याकडे बघून पळाली. माझ्याकडे! हे मला झोपू देत नाहीये.

तर प्रश्न असे की,
एवढ्या लोकांना कामाला कसं लावायचं म्हंजे मदत होईल, पळापळ नाही?
काही जण म्हणतायत आज रात्री टॉर्च घेऊन येऊरच्या जंगलात शिरू. जावं का?
बक्षीस किती जाहीर करावं? आणि एकाचा फोन आला की कुत्री माझ्याकडे आहे, दोन हजार जीपे करा मग पत्ता देतो. काय करू?

उंबरठा

पहिली गोष्ट, पैसे पाठवू नका. व्हिडिओ कॉल कर म्हणा. नाहीच म्हणेल. तिच्या अंगावरची एखादी खूण अशी असेल जी पोस्टरवर नाही तर ती कुणालाच सांगू नका, इथे पण नको. फोन करणाऱ्याला तीच विचारायची.

सुंठीची_आई

आहे तशी एक खूण. बरं झालं सांगितलंत, मी आता ग्रुपवर टाकणारच होते.

जंगलपायी

येऊरला रात्री अजिबात जाऊ नका, बाकीचं सगळं नंतर.

मी गेली बरीच वर्षं त्या भागात पक्षी बघायला जातो. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, 104 चौरस किलोमीटरचं, आणि येऊर त्याचं ठाण्याच्या बाजूचं तोंड. आत बिबटे आहेत आणि जंगलाच्या कडेला कुत्री हे त्यांचं नेहमीचं खाणं आहे. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, पण संध्याकाळ ते पहाट ही वेळ बिबट्याचीही आणि घाबरलेल्या कुत्र्याचीही, त्यात वीस मुलं टॉर्च घेऊन घुसली तर कुत्री सापडायची राहील बाजूला. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. दिवसाउजेडी गेटवरच्या चौकीत जाऊन वनरक्षकांना फोटो द्या, पाटोणापाडा, जांभूळपाड्याच्या लोकांना सांगा, कुठलं कुत्रं नवीन आलंय हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असतं. वनखात्याची हेल्पलाइन 1926 आहे, तिथेही नोंद करून ठेवा.

अजून एक, कुणीतरी उत्साहाच्या भरात येऊरच्या रस्त्यावर चिकन-भात ठेवत असेल तर लगेच थांबवा. खाणं ठेवलं की चार कुत्री जमणार, आणि कुत्री जमली की पुढचा पाहुणा कोण ते सांगायला नको.

सुंठीची_आई

बापरे. ठेवलंय. काल रात्री तीन ठिकाणी ठेवलंय. उचलायला सांगते.

मोत्याचा_बाबा

ताई, ती तुमच्यावर रुसून पळाली नाहीये. माझा मोत्या (लॅब्राडोर, एकदम आगाऊ) गणपतीत ढोलाला घाबरून पळाला होता तेव्हा पाचव्या दिवशी मला बघून नाल्यात उतरला. घाबरलेलं कुत्रं तीन-चार दिवसांत वेगळंच जनावर होतं. माणूस म्हणजे धोका, हाक म्हणजे धोका, आपलंच नाव दहा अनोळखी आवाजांत ऐकलं की ते नावही धोक्याचं होतं. म्हणून ग्रुपचा पहिला नियम हा करा की नाव घेऊन हाक मारायची नाही, पाठलाग करायचा नाही. दिसली तर जागीच थांबायचं, लांबून फोटो, वेळ, जागा, आणि तोंड कुठल्या दिशेला होतं. एवढंच. जवळ फक्त तुम्ही किंवा घरातला एक जण जाणार, आणि तेही सरळ चालत नाही, लांब खाली बसायचं, पाठ अर्धी तिच्याकडे, डोळ्यांत बघायचं नाही, काहीतरी चघळत बसायचं. वेड्यासारखं वाटतं पण चालतं.

ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा, आत्ताच्या आत्ता. बाकीच्यांनी एका नंबरवर पाठवायचं, आणि तो नंबर तुमचा नको, डोकं थंड असलेल्या कुणाचा तरी. त्या माणसाने गुगल मॅपवर पिना मारायच्या, खात्रीची लाल, बाकीच्या करड्या. आमच्याकडे माझ्या मेहुणीने केलं होतं, बँकेत आहे, ती एकेकाला असे उलट प्रश्न विचारायची की खोटे फोन आपोआप बंद झाले.

ठाणेकर_४००६०६

आम्ही माणसं हरवली तरी पोलीस स्टेशनला हेलपाटे घालतो आणि इथे कुत्र्यासाठी गुगल मॅप. चालू द्या.

उंबरठा

चालूच आहे. पुढचा?

पहाटपाळी

बक्षिसाची रक्कम लिहू नका हो. 'योग्य बक्षीस' एवढंच लिहा. आकडा लिहिला की पोरं जाळी घेऊन पळतात मागे, आमच्याकडे एका मांजराचं असंच झालं.

मी रात्री कुत्र्यांना खायला घालते, वसंत विहार ते गावंडबाग पट्ट्यात. तुमच्या 187 लोकांपेक्षा आमच्यासारख्या चार बायकांना गाठा. आपापल्या गल्लीतलं प्रत्येक कुत्रं आम्हाला ओळखीचं, नवीन आलं की पहिल्या रात्रीच कळतं कारण बाकीची त्याला हाकलत असतात. तुमची सुंठी एका जागी टिकत नाहीये त्याचंही तेच कारण असणार, एका गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत ढकलतात. आणि कानाला कट असल्यामुळे बघणारा म्हणतो इथलीच असेल कुणीतरी, नसबंदी करून सोडलेली. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदीनंतर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडावं लागतं, त्यामुळे पालिकेची गाडीसुद्धा कट बघून पुढे जाईल. म्हणून पोस्टरवर कट आहे हे मोठ्या अक्षरात लिहा, 'कानाला कट आहे तरी घरची आहे' असं.

पहाटेची माणसं धरा. दूधवाले, पेपरवाले, घंटागाडीवाले, झाडूवाल्या बायका, रिक्षा स्टँड. फटाके थांबतात पहाटे तीनला, तेव्हाच ती बाहेर येणार. तुमचे लोक फिरतात संध्याकाळी सात ते अकरा, म्हंजे ऐन फटाक्यांत. ती तेव्हा कुठल्या तरी गाडीखाली दातखीळ बसून पडलेली असते.

बोरिवलीचा_पाहुणा

हॉस्पिटलांना पण फोन करा, ठाण्यातल्या तर कराच पण परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटललाही करा. कुणाला जखमी सापडली तर भला माणूस टॅक्सीत घालून थेट तिकडे नेतो आणि तुम्ही इकडे येऊर शोधत बसता.

सुंठीची_आई

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही, रागावू नका. ग्रुप बंद केला (लिहायला), नवऱ्याच्या मावसभावाकडे नंबर दिलाय, तो सीए आहे, उलट प्रश्न विचारणं त्याच्या रक्तातच आहे. पहाटे साडेतीन ते सहा अशी पाळी, दोघं-दोघं, चालत, टॉर्च जमिनीकडे. फक्त वस्तीच्या बाजूला. येऊर चौकीत फोटो दिला, उजेडात. खाणं उचललं.

आज सकाळी दोन खात्रीच्या पिना आल्या, दोन्ही पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला. येऊरकडे एकही नाही. म्हंजे ती जंगलात गेलीच नाही बहुतेक, आम्हीच तिकडे डोळे लावून बसलो.

कोळणीचा_नातू

एक विचारू का, तुमच्याकडे यायच्या आधी ती कुठे होती?

सुंठीची_आई

एका बिल्डिंगच्या साइटवर. तिथल्या मजुरांच्या बायका तिला भाकरी घालायच्या, काम संपलं, ते लोक गेले, ही मागे राहिली. सात-आठ महिन्यांची असेल तेव्हा. का हो?

कोळणीचा_नातू

मग साइट बघा. पत्र्याच्या खोल्या, चूल, सिमेंटच्या गोण्या. लहानपणी जिथे बरं वाटलं तशी जागा शोधेल, माणूस तरी दुसरं काय करतो. आणि तुमचे पोस्टर मराठी-इंग्रजीत असतील, वर क्यूआर कोड असेल, बरोबर? साइटवरचे लोक बंगाली, हिंदी, तेलुगू बोलणारे, पोस्टर वाचणार कोण. जाऊन बोला. चॉकलेटी सोसायटीतली पोरं पाठवू नका, बायका जा.

आणि चिकन-बिर्याणी सोडा, सुकट भाजा. चेंदणीला आमच्या आजीने सुकट भाजली की आख्ख्या आळीची कुत्री-मांजरं दारात.

पहाटपाळी

अगं हो! पोखरण दोनच्या मागे टॉवरचं काम चाललंय तिथल्या लेबर कॅम्पमध्ये मी जातच नाही, माझा रस्ता अलीकडेच वळतो. मी येते उद्या तुझ्याबरोबर.

मोत्याचा_बाबा

सापडली तरी लगेच झडप घालू नका ताई. आधी एक-दोन दिवस तिथेच रोज एकाच वेळी खाऊ दे. झडप चुकली तर परत शून्यापासून.

सुंठीची_आई

सापडली!!!

चार दिवसांनी लिहितेय, आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतेय, पाय सुन्न झालाय पण हलवत नाहीये.

सविस्तर सांगते कारण उद्या कुणाला लागेल. मी आणि पहाटपाळीताई दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॅम्पवर गेलो. फोटो दाखवला तर एक बाई हसायलाच लागली, बोलली ये तो रोज आती है, हमारे पीछे सोती है. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या पहाटेपासून! सळया रचल्यात त्यांच्या मागे, पत्र्याखाली. 187 माणसं, 64 पोस्टर, आणि ती तीन दिवस रोज दोन वेळा जेवत होती. साइटच्या गेटवर आमचं पोस्टर पण होतं, आतल्या कुणी वाचलं नव्हतं. सुपरवायझरने आधी आत सोडायला कुरकुर केली, मग त्यालाच दया आली.

त्या सकाळी ती मला बघून सळयांच्या मागे गेली. मी काही केलं नाही, परत आले. रस्ताभर रडले, पण परत आले. मग तीन दिवस पहाटे चारला मी एकटी, पालथं घमेलं टाकून त्यावर बसायचं, पाठ तिच्याकडे, बाजूला घरची चादर. त्या बाईने चुलीवर सुकट भाजून दिली (कोळणीच्या नातवा, तुझ्या आजीला नमस्कार). पहिल्या दिवशी वीस फुटांवर आली. दुसऱ्या दिवशी चादर हुंगून गेली. आज पावणेपाचला कोपऱ्यापाशी काहीतरी ओलं लागलं, बघितलं तर तिचं नाक. मी तरी हलले नाही. मग तिनेच मला ओळखलं आणि असा काही आवाज काढला की कॅम्पमधली पोरं उठून बाहेर आली. तेव्हा पट्टा घातला, दोन घातले, एक गळ्यात आणि एक अंगाला.

डॉक्टरांकडे नेली, गोचिड्या आहेत, कानामागे चावल्याची छोटी जखम, त्यामुळे रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी परत दिली. कातडीखाली ओळखीची चिपही बसवली, 15 आकडी नंबर, पट्ट्यासारखी ती काढून ठेवता येत नाही. बक्षीस त्या बाईने घेतलं नाही, मग मुलांसाठी स्वेटर आणि महिन्याचा तांदूळ दिला, तो घेतला. सुंठी तिकडे वळून बघत होती निघताना, मला थोडं लागलं ते, खोटं कशाला बोलू.

ठाणेकर_४००६०६

बरं झालं सापडली. दारात जाळीचा दरवाजा बसवून घ्या, माझ्या ओळखीचा फॅब्रिकेटर आहे.

सुंठीची_आई

पाठवा नंबर.

आणि उद्या सकाळी सात वाजता उपवनच्या गेटपाशी कोण येतंय? 64 पोस्टर काढायचेत, गावंडबागेतले दोन फार उंचावर लावलेत, शिडी लागेल.