लॅडर बार काढून टाकू का? बत्तीसच्या फोर्डाचं मागचं सस्पेन्शन

वाकडा_पाना (डेट्रॉईटजवळ)

मंडळी, भांडायला विषय आणलाय.

मागच्या हिवाळ्यात एका निवृत्त वेल्डरकाकांच्या गॅरेजमधून अर्धवट राहिलेला हॉट रॉड (जुन्या गाडीत दणकट इंजिन घालून केलेली गाडी) उचलला. १९३२ च्या फोर्ड कूपची फायबरची बॉडी, नवी चासी, पुढं शेव्हरोलेचं व्ही-एट, मागं फोर्डचा नऊ इंची ॲक्सल (नऊ इंच हा आतल्या मोठ्या गिअरचा व्यास). फोर्डाच्या पोटात शेव्हीचं काळीज, इकडे हे सर्रास चालतं. मागच्या बाजूला काकांनी लॅडर बार आणि कॉइल-ओव्हर (शॉकॲब्सॉर्बरवरच बसवलेली स्प्रिंग) लावलेत. काकांना गाडी ड्रॅगला, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीत, पळवायची होती. मला ती उन्हाळाभर रस्त्यावर चालवायचीय, डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर मिरवायचीय आणि वर्षातून चारेक संध्याकाळी पाव मैल पळवायचीय.

एप्रिलमध्ये गाडीखाली शिरलो, तर उजव्या बारच्या ॲक्सलकडच्या ब्रॅकेटवर केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं रंगाचा ओघळ असेल. नखानं खरवडलं, तर आतून तांबूस पाणी पाझरलं. वेल्डच्या कडेनं पाऊण इंच चीर. गाडी तोवर जेमतेम सहाशे मैल चाललेली.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लॅडर बार म्हणजे ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना वेल्ड केलेली, पुढं निमुळती होत जाणारी शिडी. मागचं टोक ॲक्सलला घट्ट, पुढचं एकाच बोल्टवर चासीला. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर ठीक. पण फक्त उजवं चाक खड्ड्यात गेलं की उजवी शिडी ॲक्सलला एका कोनात फिरवू बघते नि डावी दुसऱ्या. मधल्या नळीला पीळ बसतो. नऊ इंचीची नळी काही पिळत नाही, मग ब्रॅकेट पिळतं. मिशिगनच्या रस्त्यांना फेब्रुवारीनंतर खड्डे म्हणणं हा खड्ड्यांचा अपमान आहे.

माझं मत ठाम आहे: रस्त्यावरच्या गाडीला लॅडर बार लावूच नये. काढून समांतर फोर-बार (दर बाजूला दोन, असे चार दांडे) आणि पॅनहार्ड बार (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) लावतोय. कोणाला काही म्हणायचंय?

पाव_मैल (ओहायो)

मला म्हणायचंय. चीर वेल्डला गेली, दोष शिडीला लावलात.

हिशोब करू. ४०० फूट-पाउंडचं इंजिन, पहिला गिअर २.५, मागचं गुणोत्तर ३.७. ॲक्सलवर ३,७०० फूट-पाउंड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचा गुणाकार वेगळाच. चाकं पुढं फिरतात तेव्हा ॲक्सलची पेटी तेवढ्याच जोरानं नाक वर करते. हा जोर कुणीतरी झेलायला हवा. लॅडर बार तो झेलून चासी वर ढकलतो आणि टायर खाली दाबतो. तुमचे समांतर, आडवे चार दांडे काय करणार? त्यांच्या रेषा कुठं मिळतच नाहीत, म्हणजे इन्स्टंट सेंटर (बाजूनं पाहिलं तर ॲक्सल ज्या बिंदूभोवती फिरतो तो) अनंतात. गाडी सुटताना बुड टेकवणार. पहिल्या ६० फुटांत हरलात की पुढच्या १,२६० फुटांत रडत बसा.

आणि चार दांड्यांची फोर-लिंकच लावायची तर खरी ड्रॅगची लावा, दांड्यांचा कोन बदलायला भोकांच्या उभ्या रांगा असलेली. तुमचं ते फोर-बार म्हणजे शोभेची वस्तू.

शिरोलीचा_पाटेवाला

आमी ट्रकचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसिवतो, त्यामुळं दोन शब्द बोलतो, चुकलं तर सांगा.

एवढे दांडे कशाला? पाटा एकटाच तीन कामं करतो. वजन उचलतो, ॲक्सल जागेवर धरतो, नि पीळ पण खातो. शिडी नको, पॅनहार्ड नको. फक्त ताकद जास्त दिली की पाटा नागासारखा वळतो, सुटतो, परत वळतो आणि मागचं चाक थडाथडा नाचतं. त्याला इलाज आहे. क्रायस्लरनं साठच्या दशकात ड्रॅगसाठी सुपर स्टॉक पाटे काढले. ॲक्सलच्या पुढचा भाग आखूड नि क्लिपांनी आवळलेला, मागचा लांब नि मोकळा. पुढचा भाग वळतच नाही, म्हणजे झाली की तुमची शिडी. उजवा नि डावा पाटा पण वेगळा देत होते.

पाव मैल साहेब, बैलगाडीत मागं माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू मानेवरनं वर उचलतं. तुमच्या गाड्यांची पुढची चाकं उचलतात ते तेच. वजन मागं गेलं पायजे, एवढं खरं. मग गाडी मागं बसली तर वाईट काय?

सरळरेषा (पुणे)

पाटेवाले दादा, उलाळ शब्दासाठी दंडवत. पण शेवटच्या वाक्यात गफलत आहे, आणि ती सगळेच करतात.

गाडी मागं बसली म्हणून वजन मागं जात नाही. वजन किती सरकणार हे गाडीच्या वजनाखेरीज तीनच गोष्टी ठरवतात: वेग किती झपाट्यानं वाढतो, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस किती. धाग्यातली गाडी घ्या. वजन १,१०० किलो धरा, गुरुत्वमध्य ५१ सेंमी, बत्तीसच्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच म्हणजे २६९ सेंमी. ड्रॅगच्या टायरवर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढी वेगवाढ) मिळाला तर सुमारे २०९ किलो मागं सरकेल. साध्या रस्त्याच्या टायरवर ०.६ जी मिळाला तरी खूप, म्हणजे १२५ किलो. मागं शिडी लावा, पाटे लावा नाहीतर सुतळीनं बांधा, आकडा जवळपास तोच.

सस्पेन्शनची भूमिती एवढंच ठरवते की ते वजन टायरपर्यंत कोणत्या वाटेनं पोचणार. दांड्यांतून गेलं तर लगेच, स्प्रिंगमधून गेलं तर स्प्रिंग दबेपर्यंत थांबून. चिकट ट्रॅकवर तो झटका कामाचा. निसरड्या डांबरावर तोच झटका टायर आधी दाबतो आणि क्षणात परत सोडतो. म्हणून पाव_मैल यांचं 'बुड टेकवणार' रस्त्यावर तितकंसं लागू पडत नाही.

पाव_मैल

ताई, आकडे मान्य. पण ड्रॅगमध्ये सगळ्यात जोरात पळतात त्या टॉप फ्युएल वर्गाच्या गाड्यांना मागं सस्पेन्शनच नसतं. ॲक्सल थेट चासीला बोल्टनं घट्ट. मग?

सरळरेषा

मग त्या ट्रेलरवर बसून घरी जातात.

एकटा_जीव

जॅग्वारचं मागचं सस्पेन्शन कुणालाच आठवलं नाही? १९६१ च्या ई-टाइपपासूनचं, स्वतंत्र चाकांचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात अर्ध्या हॉट रॉडांखाली तेच लटकायचं, सगळं क्रोम करून. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. वाकडा_पाना, तुमचा प्रश्न मिटला.

वाकडा_पाना

@एकटा_जीव: बघितलं होतं. ब्रेक डिफरन्शियलला चिकटून आत बसलेले, पॅड बदलायला निम्मा संसार बाहेर काढायचा. शिवाय पाव_मैल यांनी क्लच सोडलेला बघितला तर ते हाफ-शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) राजीनामा देतील.

@पाटेवाला: पाटे मलाही आवडतात, पण बत्तीसच्या चासीखाली जागा नाही आणि मागून सगळं उघडं दिसतं. छपन्नची शेव्ही असती तर विचारच केला नसता.

@पाव_मैल: वेल्डला दोष देणं सोपं आहे. पण वेल्ड कुठल्या ताणानं गेला? सरळ सुटताना येणारा ताण दोन्ही ब्रॅकेटवर येतो. खड्ड्यांतला पीळही दोन्हीकडे, पण उलट-सुलट, मैलामैलाला हजार वेळा. धातू असाच थकतो.

जुनंच_बरं (न्यू जर्सी)

तुम्ही सगळे दांडे किती यावर भांडताय. पुढची टोकं कुठे आहेत, हे कोणी विचारलंच नाही.

बत्तीसची मूळ गाडी आठवा. एक आडवा पाटा, नळीत बंद असलेला ड्राइव्हशाफ्ट, आणि ॲक्सलच्या दोन टोकांकडून निघालेले दोन दांडे त्या नळीला पुढं जाऊन मिळतात. नळीच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या मागं, एक गोळा. सगळा ॲक्सल त्या एका गोळ्याभोवती हलतो. डावं चाक वर, उजवं खाली, कुठंही पीळ नाही. हेन्री फोर्डनं हे १९४८ पर्यंत चालवलं, एकोणपन्नासला सोडलं. भंगार कल्पना असती तर इतकी वर्षं टिकली असती?

मग रॉडवाले आले. उघडा ड्राइव्हशाफ्ट घातला, ते दोन दांडे गोळ्यावरून सोडवले आणि चासीच्या डाव्या-उजव्या कडेच्या रेलवर एकेक ठोकला. त्या दिवशी पीळ जन्माला आला. तुमच्या वेल्डरकाकांनी तेच केलं असणार. लॅडर बार वाईट नाहीत हो, समांतर लावलेले लॅडर बार वाईट.

पुढची टोकं आत आणा, गिअरबॉक्सच्या मागच्या क्रॉसमेंबरवर (चासीच्या आडव्या तुळईवर) शेजारी शेजारी. बत्तीसच्या फोर्डसाठी असे आत वळणारे बार कित्येक वर्षं तयार मिळतात. शेव्हरोलेच्या १९६० ते १९७२ च्या पिकअपचे लांब ट्रेलिंग आर्म हीच कल्पना, आणि नॅसकार या अमेरिकन शर्यतींतल्या कप मालिकेच्या गाड्या २०२१ पर्यंत तसल्याच आर्मवर पळत होत्या. त्यांनी खड्डे नाही बघितले, पण वळणं बघितली.

पाव_मैल

काका, हे बरोबर आहे, आणि म्हणूनच माझी पंचाईत. बाजूनं पाहिलं तर इन्स्टंट सेंटर तिथंच राहतं, पुढच्या बोल्टवर. सुटायला फरक नाही. पण एक गोष्ट गमावता. ड्राइव्हशाफ्ट स्वतःच्या पिळानं डावं मागचं चाक दाबतो नि उजवं उचलतो. पुढची टोकं एकमेकांपासून लांब असली की उजव्या बारचा ॲडजस्टर (लांबी कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडा फिरवून उजव्या चाकावर आधीच वजन ठेवता येतं. टोकं शेजारी आणली की तो ॲडजस्टर फिरवून हात दुखतील, चाकाला काही कळणार नाही.

माझ्या गाडीला मी हे करणार नाही. तुमच्या चार संध्याकाळींना चालेल.

आणि रस्त्यावर चालत नाही म्हणता, तर ड्रॅग वीक बघा. २००५ पासून आहे. पाच दिवस, हजारेक मैल रस्त्यानं, वाटेत ट्रॅकवर पळवायची गाडी तीच. ड्रॅगची फोर-लिंक लावलेल्या गाड्याही ते मैल काढतात.

सरळरेषा

काढतात. नंतर रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचे गोळ्याचे सांधे) किती बदलतात तेही विचारा. रॉड-एंडला रबर नसतं, धूळ गेली की महिन्याभरात टक-टक सुरू.

शिरोलीचा_पाटेवाला

उजवं चाक उचलतं म्हणूनच ते उजवा-डावा पाटा वेगळा द्यायचे व्हय! इतकी वर्षं मला वाटायचं डायवर डावीकडं बसतो म्हणून.

वाकडा_पाना

शनिवारी जुनंच_बरं काकांचं म्हणणं तपासलं. चासी स्टँडवर, दोन्ही कॉइल-ओव्हर काढले, ॲक्सल दोन्ही टोकांना दोन स्टँडवर नुसता टेकवला. मग डाव्या टोकाखाली जॅक घालून सावकाश वर घेतलं. पहिला इंच काही नाही. दुसऱ्या इंचाला चासीतून कुरकुर. तिथून थोडं पुढं नेलं, तर उजवं टोक, ज्याला मी हातही लावला नव्हता, आपोआप स्टँडवरून सुटलं. खाली आरामात पत्र्याचा तुकडा सरकवता आला. बायको बघत होती, ती म्हणाली, हे तर खाटेसारखं झालं, एक पाय उचलला की दुसरा उठतो.

पुढचे दोन बोल्ट मोजले: मध्यापासून मध्यापर्यंत २७ इंच. क्रॉसमेंबरवर खडूनं खुणा केल्यात, तिथं ७ इंचांवर बसतील. बार तेच ठेवणार नाही, ब्रॅकेटही नवी. फोर-बारची ऑर्डर रद्द केली, म्हणजे निम्मा वाद मी हरलो. 'लॅडर बार लावूच नये' हे वाक्य मागे. 'समांतर लावू नये' हे मात्र ठेवतो.

पाव_मैल

पॅनहार्ड बार किती लांब ठेवणार? आखूड ठेवलात तर गाडी वरखाली होताना ॲक्सल बाजूला सरकेल.

जुनंच_बरं

बसेल तेवढा लांब, आणि उभ्या गाडीत आडवा. पण एक्झॉस्ट आधी हलवा, नाहीतर तिथंच अडकाल.

वाकडा_पाना

एक्झॉस्ट कालच वेल्ड केला.