द इनर लाइट: पिकार्डला न विचारता अख्खं आयुष्य जगायला लावलं, हे बरोबर होतं का?

रात्रपाळी

स्टार ट्रेकची नेक्स्ट जनरेशन ही मालिका पहिल्यापासून परत बघायला घेतलीय, काल पाचव्या सिझनच्या पंचविसाव्या भागापर्यंत पोचलो. द इनर लाइट. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी प्लीज इथेच थांबा, आधी बघा मग या, पुढे सगळं उघड लिहिलंय.

तर एंटरप्राइझ या अंतराळजहाजाला एक जुना प्रोब, म्हणजे माणसाविना सोडलेलं छोटं यान, सापडतं, त्यातून किरण येतो आणि कॅप्टन पिकार्ड ब्रिजवरच, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, कोसळतो. जाग येते ती कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक गावात. तिथे सगळे त्याला कामिन म्हणतात, एलिन नावाची बायको आहे, ती म्हणते तुला ताप होता, तू भ्रमात बडबडत होतास. पाच वर्षं तो जहाजाच्या आठवणी धरून बसतो आणि मग हळूहळू सोडतो. मुलं होतात, दुष्काळ वाढत जातो, मित्र जातो, बायको जाते, नातू मांडीवर येतो. आणि ब्रिजवर वेळ गेलेला असतो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी कळतं की तो प्रोब कधीच संपून गेलेल्या कटानच्या लोकांनी आपलं आयुष्य कुणाला तरी कळावं म्हणून सोडलेला होता.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, कटानच्या लोकांनी जे केलं ते तुम्हाला बरोबर वाटतं का, कारण त्याला कुणी विचारलंच नाही, सरळ एका माणसाच्या डोक्यात अख्खा संसार उतरवला आणि मग काढून घेतला. दुसरा, लगेच पुढचा भाग टाइम्स ॲरो, त्यात साहेब नेहमीसारखे कॅप्टनच्या खुर्चीत! बायको-मुलं गमावलेला माणूस पुढच्या आठवड्यात ड्युटीवर कसा येतो? मला तर झोप लागली नाही, तुम्हाला पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटलं होतं तेही सांगा.

कोकणवारा

मी पहिल्यांदा नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर बघितला होता, कॉलेजात होतो, तेव्हा कळला तो प्रोबचा ट्विस्ट. आता मुलगी कॉलेजात आहे आणि आता कळतो तो बारशाचा सीन. ज्या माणसाला एंटरप्राइझवर लहान मुलं समोर आली तरी अवघडायला होतं तो तिथे उभा राहून सांगतो की मला वाटायचं मुलांशिवाय माझं आयुष्य पूर्ण आहे, आता त्यांच्याशिवाय जगण्याची कल्पना करवत नाही. पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टने तो सीन किती साधा केलाय! आणि मोठा झालेला मुलगा बटाई म्हणजे स्टुअर्टचा खरा मुलगा डॅनियल, हे कळल्यावर तो शाळा सोडून संगीत करायचं म्हणतो तो सीन परत बघा, बापाच्या चेहऱ्याकडे बघा.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं उत्तर हो, बरोबर होतं. त्यांचा तारा फुटणार होता आणि गाव हलवायची सोय नव्हती. तो ॲडमिनिस्ट्रेटर कामिनला बाजूला घेऊन सांगतो ना, आम्हाला माहितीये सगळं, पण आमची झेप छोटी क्षेपणास्त्रं सोडण्याइतकीच. माणसं वाचणार नाहीत हे ठरलेलंच होतं, उरलं काय तर आम्ही कसे जगलो हे कुणाला तरी कळावं.

माझ्या आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक गाड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. आई त्या फोटोंकडे बघत पण नाही. ती सांगते ती विहिरीवर कोण कोणाशी भांडायचं, कुणाच्या ओसरीवर पत्ते चालायचे, कुठल्या चुलतीच्या हातची शेंगाची पोळी कशी लागायची. देऊळ पाण्यातून वर येईल, ते येणार नाही. कटानवाल्यांनी नेमकं तेच वाचवलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फक्त आदर आहे.

वॉर्पनऊ

कोकणवारा दादा तुमच्या आईंचं वाचून गलबललं, पण मी तरी विरोधात आहे आणि ठामपणे आहे.

आई स्वतःहून सांगते, तुम्ही स्वतःहून ऐकता. पिकार्डला ऐकायचं की नाही हे कुणी विचारलं? आणि नुसतं ऐकवलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी त्याला जगायला लावलं. मधला एंटरप्राइझवरचा भाग आठवा, ते तो किरण तोडून बघतात तर पिकार्डचं शरीर बंद पडायला लागतं, डॉक्टर बेव्हर्लीला घाईघाईने परत जोडायला सांगावं लागतं. म्हणजे मध्येच तोडलं तर माणूस मरू शकतो असं यंत्र त्यांनी हजार वर्षं मोकळं सोडलं. समोर कॅप्टन आला म्हणून ठीक, एखादं लहान मूल आलं असतं तर?

आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाही, याच माणसाला १९९० च्या भागात बोर्गने, म्हणजे माणसांना पकडून यंत्रासारखं आपल्यात सामावून घेणाऱ्या शत्रूंनी, उचलून लोक्यूटस नावाचा आपला माणूस बनवलं होतं. ज्याच्या डोक्यात एकदा जबरदस्तीने कुणी शिरलंय त्याच्याच डोक्यात परत कुणी शिरतं, भले प्रेमाने शिरत असेल. बोर्गनंतर निदान फॅमिली हा आख्खा भाग दिला लेखकांनी, फ्रान्समध्ये भावाच्या घरी चिखलात बसून तो रडतो. इनर लाइटनंतर काय दिलं? एक बासरी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, तेव्हाच्या मालिका अशाच चालायच्या, प्रत्येक भाग सुटा, कुठूनही बघायला सुरुवात केली तरी चाललं पाहिजे. पण मला ते कारण पटत नाही. फॅमिली करता आला तर हाही करता आला असता.

बेसूर_पण_मनापासून

सगळे संसाराबद्दल बोलतायत, बासरीबद्दल कुणीच नाही म्हणून मी लिहिते.

मी स्वतः बासरी शिकते, म्हणून मला या भागातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते ती म्हणजे कामिनला आधी ती वाजवताच येत नाही. वर्षानुवर्षं तेच ते दोन-चार सूर, बोटं चुकतायत, फुंकर फुटतेय, घरातल्यांना सवय झालीय. शेवटी एंटरप्राइझवर पिकार्डचा सहकारी रायकर प्रोबमधून निघालेली डबी आणून देतो, पिकार्ड उघडतो, बासरी काढतो, छातीशी धरतो आणि मग ओठाला लावतो तर सगळी धून सलग येते. म्हणजे तो सगळा रियाझ खरा होता! एका शब्दात कुठे सांगितलं नाही, पण बोटांना येतंय म्हणजे ती वर्षं खरी. माझ्यासाठी वॉर्पनऊ यांच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं असं नाही, हातात राहिलं.

आता एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली. या भागाचं नाव लेखक मॉर्गन गेंडेलने जॉर्ज हॅरिसनच्या बीटल्ससाठीच्या गाण्यावरून ठेवलंय. आणि त्या गाण्याचं वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं, सगळे वादक भारतीय. सरोदवर आशिष खाँ, आणि बासरीवर एस. आर. केंकरे आणि हरिप्रसाद चौरसिया. बासरीभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकन भागाचं नाव ज्या गाण्यावरून आलं त्यात मुंबईत वाजलेली बासरी आहे!! हे वाचलं तेव्हा मी ते गाणं लावून परत परत ऐकलं.

शूटिंगमधली बासरी मात्र वाजतच नव्हती, ती नुसती दिसायला होती, धून संगीतकार जे चॅटअवेची. तरी २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ४८,००० डॉलरला गेली. न वाजणारी बासरी. पण ज्याने घेतली त्याला मी वेडा म्हणणार नाही, माझ्याकडे पैसे असते तर मीही हात वर केला असता.

रात्रपाळी

बेसूर ताई, ते केंकरे-चौरसियांचं अजिबात माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

वॉर्पनऊ, तुमचा बोर्गचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि आता तो जात नाहीये. पण मग मला एलिनचं मरण आठवतं. तिला जाताना शेवटचं काही सांगायचं असतं आणि ती सांगते काय तर शूज उचलून ठेव. नवऱ्याला आयुष्यभर जे बोलत आली तेच. तो म्हणतो ठेवीन, वचन देतो. मी कालपासून विचार करतोय की प्रोब बनवणाऱ्यांना आपली संस्कृती दाखवायची होती तर राजे, लढाया, ग्रंथ असलं काहीही घालता आलं असतं, पण त्यांनी घातली ती शूजवरून होणारी कटकट. जबरदस्ती म्हणावी तर ती करणाऱ्यांनी समोरच्याला स्वतःच्या घरातली सगळ्यात आतली खोली उघडून दिली. बोर्गने तसं काही दिलं नव्हतं, नुसतं घेतलं होतं. मला वाटतं फरक तिथे आहे, पण पूर्ण खात्री अजून होत नाही.

आणि याचा पुढे उल्लेख कुठेच नाही का? की बासरी आली तशी गायबच?

कोकणवारा

आहे की! सहाव्या सिझनमधला एकोणिसावा भाग, लेसन्स, एप्रिल १९९३. नेला डॅरन म्हणून नवी शास्त्रज्ञ जहाजावर येते, पियानो वाजवते, आणि दोघं मिळून जेफरीज ट्यूबमध्ये, म्हणजे जहाजातल्या दुरुस्तीच्या बोगद्यात, बसून वाजवतात कारण तिच्या मते जहाजावर आवाज तिथे सगळ्यात छान घुमतो. तिला तो कटानबद्दल सगळं सांगतो. जवळजवळ वर्षभर गप्प राहिलेला माणूस आणि सांगतो कुणाला तर जिच्याबरोबर सूर जुळला तिला. पुढे तो तिला कामगिरीवर पाठवतो, ती मेली असं वाटतं, तेव्हा तो खोलीत बासरीची डबी समोर घेऊन बसतो आणि बंद करतो, ते बघाच. त्याला एकदा बायको गेल्याचं दुःख झालेलं आहे हे लेखक विसरले नव्हते एवढं तरी कबूल करावं लागेल.

आणि मालिका लोकांपर्यंत पोचली का, तर पोचली. १९९३ चा ह्युगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार या भागाला मिळाला, स्टार ट्रेकला त्याआधीचा ह्युगो १९६८ चा, म्हणजे पहिल्या मालिकेतल्या कर्क-स्पॉकच्या काळातला.

वॉर्पनऊ

लेसन्स मी बघितलाय आणि चांगलाच आहे, पण तो प्रेमात पडण्याचा भाग आहे, शोकाचा नाही. मुलगी मेरिबोर आणि छोटा नातू यांच्याबद्दल तो कुणाशी बोलला असेल? डिआना ट्रॉय त्याच जहाजावर समुपदेशक म्हणून बसलेली आहे, दारापर्यंत जाऊन परत फिरणारा पिकार्ड, एवढा एक सीन दिला असता तरी मला पुरलं असतं.

रात्रपाळी, शूजचा मुद्दा मान्य, बोर्ग आणि कटान एकाच पारड्यात नको, ते मागे घेतो. पण न विचारता केलं हे न विचारताच राहतं, देणाऱ्याचं मन कितीही मोठं असो. लेसन्स बघून झाला की लिहा, पुढचं तिथून बोलू.