स्टेरॉइड सुरू असलेल्या मुलीची पाठ दुखते. गोळी बंद करावी का?

प्रश्न (एक आई, तासगाव):
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला बालसंधिवात असून गेले वर्षभर प्रेडनिसोलोनची गोळी रोज सुरू आहे. सकाळी आखडणारी तिची बोटे मोकळी झाली आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण हल्ली दप्तर उचलताना तिचा हात पाठीकडे जातो आणि उंचीही फारशी वाढलेली दिसत नाही. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, म्हणून गोळी लगेच थांबवा, असा घरच्यांचा आग्रह आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, सातारा):
ताई, गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावलेले असते. औषध एकाएकी थांबले तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. घरच्यांची शंका मात्र रास्त आहे. स्टेरॉइड नवे हाड घडवणाऱ्या पेशींना दडपते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त जाते. मात्र सांध्यांतला दाहही हाड पोखरतोच, त्यामुळे आजार धुमसत ठेवून हाडे वाचत नाहीत.

पाठदुखी अंगावर काढू नका. अशा मुलांचे मणके दबू शकतात आणि कित्येकदा काही दुखतही नाही, म्हणून मणक्यांचा बाजूने घेतलेला एक्स-रे आणि डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) लवकर करून घ्या. अहवालात झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या मुलींशी केलेली तुलना पाहावी, तीही उंची लक्षात घेऊन. मोठ्या माणसांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण प्रौढांशी केलेली तुलना, मुलांना लावत नाहीत. आठवड्यातून एकदा द्यायचे मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक औषध या संधिवात आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांच्या आधाराने स्टेरॉइड हळूहळू उतरवता येईल का, हे तिच्या संधिवाततज्ज्ञांना जरूर विचारा.

उत्तर (एक पालक, मिरज):
आमच्या मुलाच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आधी करवली, तीही विचारून घ्या. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, त्यामुळे आमच्याकडे भाकरी आणि दूध रोज असते. खेळ मात्र एक्स-रे पाहिल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनेच सुरू करा.

प्रश्नकर्ती:
मणका दबलेला निघाला तर तो पुन्हा नीट होतो का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, सातारा):
वाढीची वर्षे हाताशी असतील आणि आजार व स्टेरॉइड दोन्ही आटोक्यात आले, तर दबलेला मणका पुष्कळदा बराचसा पूर्वीचा आकार घेतो. गरज भासल्यास शिरेतून बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारे औषध देतात, परंतु ते कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून काढल्यावर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.