फॅट-टेल गेकोचं घर चार हजारांत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-203: नमस्कार. धाकट्याला गेको, म्हणजे पाळीव पाल, पाळायचाय. टाकी, हीटर, बाकीचं सामान मिळून चार हजारांच्या आत बसवायचंय. काय काय लागेल?

सी-401: वहिनी, आधी जात ठरवा, सगळा खर्च त्यावर आहे. क्रेस्टेड गेको स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. न्यू कॅलेडोनियातलं जनावर ते, 28 अंशांच्या वरची गरमी त्याला सोसत नाही. एप्रिलात एसीशिवाय कसं जमणार? लेपर्ड गेको पाळायला सोपा, पण ती जात भारतातही रानात आढळते, म्हणून वनखात्याकडे चौकशी केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मी म्हणेन पश्चिम आफ्रिकेतला फॅट-टेल घ्या, पक्क्या बिलावर. त्याला 50 ते 70 टक्के दमटपणा लागतो, आपल्या हवेला तोच बरा. आणि पंधरा-वीस वर्षं जगतो, हे पोराला आत्ताच सांगा.

बी-105: विकत कशाला? राधानगरीकडं कातळावर किती पाली असतात.

सी-401: नको भावा, रानातली एकही उचलायची नाही. निमास्पिस कोल्हापुरेन्सिस ही पाल 2009 साली आपल्याच जिल्ह्यातून शास्त्राला नव्यानं कळली. असल्या जाती थोड्याशाच जागेत टिकून असतात.

ए-203: नाही नाही, विकतच घेणार. टाकी केवढी?

सी-401: एकट्यासाठी कमीत कमी 2 फूट × 1 फूट × 1 फूट, दीड फूट रुंद मिळाली तर उत्तम. माशांच्या दुकानात गळकी टाकी मागा. गळते म्हणून कुणी घेत नाही, आपल्याला पाणी भरायचंच नाही. झाकणाला लाकडी चौकट आणि बारीक स्टीलची जाळी. मच्छरदाणीची नायलॉन जाळी त्याच्या खाण्यातले क्रिकेट (रातकिडे) कुरतडतात.

लपायच्या जागा तीन: एक गरम बाजूला, एक गार बाजूला, एक मध्ये ओलसर. शाहूपुरीत कुंभार गल्लीत तडा गेलेली छोटी मडकी मिळतात. अर्धी फोडून कडा पॉलिश पेपरनं घासायच्या. रंग दिलेलं मडकं नको. ओलसर जागेसाठी आइस्क्रीमचा डबा, त्याला 5 सेंटिमीटरचं भोक, आत भिजवून पिळून घेतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). ही जागा नसली की कात बोटांवर अडकते, रक्त थांबतं आणि बोट झडतं.

पहिले दोन महिने तळाला किचन टिश्यू, म्हणजे विष्ठा दिसते. नंतर टाइलच्या दुकानातले मॅट फिनिशचे तुकडे. नुसती वाळू नको, भक्ष्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं.

डी-302: हीटरचं मी सांगतो. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) टाकीच्या बाहेरून, खालच्या एक तृतीयांश भागाला, एकाच टोकाला. टाकीच्या चारी कोपऱ्यांखाली रबरी बूच लावून थोडी उचला, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकते. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट बंद करणारा कंट्रोलर, त्याच्याशिवाय मॅट लावायचीच नाही, जनावराचं पोट भाजतं. एसटीसी-1000 कंट्रोलर चालेल. त्याच्या मागच्या टर्मिनलपैकी 1-2 ला सप्लाय, 3-4 ला सेन्सर, 5-6 हीटिंग. 5-6 मधून आपोआप करंट येत नाही, तो नुसता स्विच आहे, फेज त्यातून फिरवून मॅटला न्यावा लागतो. मागचे टर्मिनल उघडे असतात, म्हणून पीव्हीसी बॉक्समध्येच बसवा. वायरिंग पोराला करू देऊ नका, वायरमन बोलवा.

ए-203: काका, सेन्सर आत ठेवायचा ना?

डी-302: नाही. आत ठेवला तर जनावर तो ओढून गार कोपऱ्यात नेतं आणि मॅट तापतच राहते. मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवा. मग आत टाइलवर वेगळा प्रोब थर्मामीटर ठेवून, तिथं 32 अंश येईपर्यंत सेटिंग एकेक अंशानं सरकवा. कंट्रोलरवरचं F2 सेटिंग म्हणजे फरक, तापमान किती अंश उतरल्यावर मॅट पुन्हा चालू व्हावी ते; तो 1 ठेवा. गार टोकाला 24-26 हवं. टाकीच्या आत सेलोटेप कुठंही नको, कातडी सोलून निघते.

सी-401: आणि गरम टोकाला टाइलऐवजी कडाप्प्याचा तुकडा टाका. लाइट गेली तरी बराच वेळ ऊब धरतो.

ए-304: आमच्यासारख्या वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, त्याचं काय?

डी-302: थर्मोस्टॅट फक्त बंद होतो, गार करत नाही. पश्चिमेची भिंत टाळून टाकी जमिनीलगत ठेवा. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाला काचेबाहेर उभी करायची.

सी-401: मार्च-एप्रिलात संध्याकाळी गार बाजूला थोडं पाणी फवारा. जून ते सप्टेंबर फवारणी पूर्ण बंद! त्या दिवसांत दमटपणा आधीच जास्त, वर फवारलं की कोकोपीटला बुरशी आणि जनावराच्या छातीला त्रास. पावसाळ्यात कोकोपीट दर आठवड्याला बदला.

बी-201 (डॉक्टर ताई): खाण्याचं नीट वाचा, आजारपण इथूनच सुरू होतं. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड. मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) घरी वाढतात: ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा, वर गाजराची चकती. पण त्यात चरबी जास्त, म्हणून क्रिकेटही द्या. किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. आदल्या दिवशी त्यांना पालेभाजी खायला घाला, देताना कॅल्शियम पावडरमध्ये घोळवा. आठवड्यातून दोनदा व्हिटॅमिन डी-3 असलेली पावडर, कारण यूव्ही दिवा तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. पैसे वाचवायचे तर टाकीत वाचवा, थर्मोस्टॅट आणि या पावडरीत नको. जबडा मऊ लागला, पाय वाकले, थरथर दिसली तर लगेच दवाखान्यात.

घरातली झुरळं आणि बाहेरचे किडे देऊ नका, औषध फवारलेलं असतं. पावसाच्या तोंडावर काजवे दिसतात, तेही नकोत. काही जातींच्या काजव्यांचं विष पालींना मारतं.

ए-203: जोडी घेतली तर बरं ना ताई, करमेल त्याला?

बी-201 (डॉक्टर ताई): एकटाच बरा. दोन नर तर एकमेकांना फाडतात. आणल्यावर आठवड्याभरात विष्ठा तपासून घ्या. शेपूट जाड म्हणजे तब्येत चांगली, बारीक होत चालली तर थांबू नका. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. पाण्याची वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका.

सेक्रेटरी: वहिनी, आणायची तारीख ग्रुपवर कळवा. पेस्ट कंट्रोल त्याच्या आधी उरकून घेऊ. पुढच्या फवारणीला तुमचा फ्लॅट वगळायला सांगतो.